वाळवंट ‘रिकामे’ कोणी ठरवले? ऑस्ट्रेलियातील ब्रॅडफिल्ड योजना आणि पाण्यावरचा हक्क

‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. निवडणूक जवळ आली की नेते हा शब्द काढतात, वर्तमानपत्रे तो छापतात आणि दुष्काळाने पिचलेला माणूस टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या खोट्या नसतात, त्यांच्यामागे तहान असते. म्हणूनच त्या तहानेचा वापर कोण, कसा आणि कशासाठी करतो हे तपासणे आम्ही आमचे काम समजतो. ही तपासणी करण्यासाठी जगाच्या पाठीवरचे सर्वात बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. एका कोरड्या खंडाचा मधला भाग नद्या वळवून हिरवा करायचा, हे स्वप्न तिथे ८५ वर्षांहून अधिक काळ विकले जात आहे. त्याचे नाव ब्रॅडफिल्ड योजना.

काही मित्र विचारतील की ऑस्ट्रेलियाचे आम्हाला काय? उत्तर सोपे आहे. जमीन ‘रिकामी’ ठरवणे, पाणी ‘वाया’ ठरवणे आणि मग त्या दोहोंवर ताबा मिळवणे, ही रीत तिथली असो की इथली, एकच आहे. दूरच्या आरशात आपला चेहरा कधीकधी जास्त स्पष्ट दिसतो.

योजना काय होती?

जॉन जॉब क्रू ब्रॅडफिल्ड हे काही साधे नाव नव्हे. १९३२ साली खुला झालेला सिडनीचा प्रसिद्ध हार्बर ब्रिज ज्यांच्या नावाशी जोडला जातो, ते हे अभियंते. १९३८ मध्ये त्यांनी क्वीन्सलंड सरकारपुढे एक आराखडा मांडला. ईशान्य क्वीन्सलंडमध्ये भरपूर पाऊस पडतो. टली, हर्बर्ट आणि बर्डेकिन या नद्या ते पाणी घेऊन पूर्वेकडे प्रशांत महासागराला मिळतात. पश्चिमेला ग्रेट डिव्हायडिंग रेंज ही पर्वतरांग आहे आणि तिच्या पलीकडे कोरडा, विस्तीर्ण प्रदेश. ब्रॅडफिल्ड म्हणाले की धरणे बांधून, डोंगरात बोगदे खणून हे पाणी पश्चिमेला वळवू. ते फ्लिंडर्स नदीच्या वरच्या भागातून थॉमसन नदीत जाईल आणि पुढे खंडाच्या मध्यावरच्या आयर सरोवराकडे वाहत जाईल.

योजनेचा दुसरा भाग तर आणखी मोहक होता. आत एवढे पाणी पसरले की त्याची वाफ होईल, वाफेचे ढग होतील, ढगांचा पाऊस पडेल, आणि वाळवंटाचे हवामानच पालटेल. म्हणजे एकदा पाणी नेले की पुढचे काम निसर्गच करील. इयॉन इड्रिएस या लोकप्रिय लेखकाने १९४१ साली याच कल्पनेवर ‘द ग्रेट बूमरँग’ हे पुस्तक लिहिले आणि स्वप्न घरोघरी पोहोचले.

मोजमापाने काय सांगितले?

आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, अभियंते नव्हे. पण आकडेमोड समजून घेणे ही कोणाची मक्तेदारी नाही.

पहिली गोष्ट पाण्याच्या हिशेबाची. त्या काळात या नद्यांच्या प्रवाहाच्या पुरेशा प्रत्यक्ष नोंदी हाती नव्हत्या. ब्रॅडफिल्ड यांनी पाऊस आणि तापमान यांवरून प्रवाह काढण्याचे युरोपातील नद्यांसाठी बनवलेले सूत्र वापरले. थंड, ओलसर जर्मनीचे गणित उष्ण क्वीन्सलंडला लावले. १९४७ मध्ये डब्ल्यू. एच. आर. निम्मो या अभियंत्याने प्रत्यक्ष मोजमापाच्या आधारे तपासले तेव्हा लक्षात आले की धरलेले पाणी खऱ्या पाण्याच्या दुपटीहून अधिक होते. डोंगराच्या उंचीची मोजमापेही कच्ची होती. जे पाणी नदीत नव्हतेच ते कागदावर वळवले गेले होते.

दुसरी गोष्ट पावसाची. पाण्याचा पृष्ठभाग जवळ असला की पाऊस पडतो, हे खरे असते तर समुद्रकिनाऱ्यावर वाळवंट दिसले नसते. पण ऑस्ट्रेलियाचा पश्चिमेचा आणि दक्षिणेचा कोरडा प्रदेश थेट महासागराला जाऊन भिडतो. तांबड्या समुद्राच्या आणि इराणी आखाताच्या दोन्ही काठांवर वाळवंटच आहे. हवेत बाष्प असून भागत नाही. ती हवा वर उचलली जाऊन थंड व्हावी लागते. ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग ज्या अक्षांशांत येतो तिथे वर्षाचा मोठा काळ हवा खाली उतरते, त्यामुळे ढग धरत नाहीत. आत तयार झालेले बाष्प वारा उचलून शेकडो किलोमीटर दूर नेतो.

यासाठी संगणकाचीही गरज नव्हती, निसर्गाने प्रयोग स्वतःच करून दाखवला होता. १९७४ मध्ये आयर सरोवर प्रचंड पुराने भरले. नोंदींच्या काळातला तो सर्वात मोठा भराव. साडेनऊ हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचे पाणी वाळवंटात पसरले. त्याने वाळवंट हटले का? नाही. तिथे वर्षाकाठी पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये शे-सव्वाशे आणि उडून जाणारे पाणी मीटरमध्ये दोनाहून अधिक. काही वर्षांत पाणी उडून गेले आणि मिठाचा पांढरा थर मागे उरला. २००४ साली हवामानशास्त्रज्ञांनी संगणकीय प्रारूपातही मध्यभागी कायमचे पाणी ठेवून पाहिले, तेव्हाही आसपासच्या प्रदेशात पावसाची व्यापक वाढ दिसली नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. ‘सीएसआयआरओ’ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेने अलीकडे या योजनेची नव्याने छाननी केली. जुनी योजना आणि तिच्या सुधारित आवृत्त्या यांचा खर्च मिळणाऱ्या लाभाच्या मानाने परवडत नाही, असाच निष्कर्ष निघाला. पाणी जिथे आहे तिथेच जवळपास वापरले तर ते शेकडो किलोमीटर ओढत नेण्यापेक्षा स्वस्त पडते, ही साधी गोष्टही पुन्हा अधोरेखित झाली. क्वीन्सलंड सरकारने अर्थतज्ज्ञ रॉस गार्नॉ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही योजनेच्या बाजूने कौल दिला नाही.

आणि ‘वाया जाणारे पाणी’? बर्डेकिनचे पाणी ग्रेट बॅरियर रीफच्या समुद्रात जाते. तिथल्या खाड्यांमधले मासे आणि कोळंबी या पुरांच्या पाण्यावरच वाढतात. नदी समुद्राला मिळणे म्हणजे पाणी वाया जाणे नव्हे. कोळ्याला विचारा, तो सांगेल.

मग ही योजना मरत का नाही?

१९४७ मध्येच जी नापास झाली ती योजना पुन्हा पुन्हा उभी राहते. १९८० च्या दशकात क्वीन्सलंडचे मुख्यमंत्री जोह ब्येल्के-पीटरसन यांनी ती उचलून धरली. २०२० च्या क्वीन्सलंड निवडणुकीत विरोधी पक्षाने ‘नवी ब्रॅडफिल्ड योजना’ हे मोठे आश्वासन दिले. तो पक्ष हरला, पण योजना हरली नाही. पुढच्या दुष्काळात ती पुन्हा येईल.

ज्या स्वप्नाचा विज्ञानाने इतक्या वेळा पराभव केला ते टिकते, याचा अर्थ त्याचे खरे कारण विज्ञानात नाही. ते समाजात शोधावे लागते.

इंग्रजांनी ऑस्ट्रेलियावर ताबा मिळवला तो ‘ही कुणाचीच भूमी नाही’ या तत्त्वावर. लॅटिनमध्ये त्याला ‘टेरा नुलियस’ म्हणतात. तिथे हजारो वर्षे राहणारी, शेकडो भाषा बोलणारी माणसे कायद्याच्या डोळ्यांना दिसलीच नाहीत. हे तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढायला १९९२ साल उजाडावे लागले, एडी माबो यांच्या खटल्याचा निकाल लागावा लागला. त्याआधी १९६७ च्या सार्वमतापर्यंत तर संविधानातच लिहिलेले होते की लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना धरायचे नाही. जो मोजला जात नाही त्याची भूमी रिकामीच दिसणार!

ही ‘रिकामी’ जमीन भरायची कोणी? तर गोऱ्यांनी. १९०१ साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले आणि पहिल्याच वर्षी आशियाई माणसांना दाराबाहेर ठेवणारा स्थलांतर निर्बंध कायदा आला. ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ हे उघड धोरण होते. आतला भाग रिकामा राहिला तर आशियातले लोक येऊन तो बळकावतील, ही भीती त्या काळच्या राजकारणात भरून राहिली होती. वाळवंट हिरवे करण्याच्या हाकेला टाळ्या मिळत त्यामागे ही भीतीही होती.

इथे एक धागा थेट भारताशी जोडलेला आहे. आल्फ्रेड डीकिन हे ऑस्ट्रेलियातील सिंचनाचे मोठे पुरस्कर्ते. व्हिक्टोरियातल्या १८८६ च्या सिंचन कायद्यामागे तेच होते. १८९० मध्ये ते भारतात आले, इथले कालवे पाहिले आणि १८९३ साली त्यांचे ‘इरिगेटेड इंडिया’ हे पुस्तक निघाले. पुढे महान्यायवादी म्हणून संसदेत तो १९०१ चा कायदा पुढे रेटणाऱ्यांत हेच डीकिन होते, आणि नंतर ते पंतप्रधानही झाले. कालवा कसा खणायचा हे भारताकडून शिकायचे, पण कालवा खणणाऱ्या भारतीयाला पाय ठेवू द्यायचा नाही. हा न्याय आम्हाला ओळखीचा आहे. विहीर आमच्या हातांनी खणायची आणि तिच्या काठावर आम्हालाच येऊ द्यायचे नाही, हे या देशातील अस्पृश्यांनी शतकानुशतके भोगले आहे.

खरे बोलणाऱ्याचे काय होते, तेही पाहा. भूगोलतज्ज्ञ ग्रिफिथ टेलर सांगत होते की हा खंड मध्यभागी कोरडा आहे आणि तिथे कोट्यवधींची वस्ती होणार नाही. १९२१ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने त्यांच्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. कारण? त्यात ‘शुष्क’ आणि ‘वाळवंट’ हे शब्द होते! १९२८ मध्ये ते देश सोडून शिकागोला गेले. टेलर यांचे वंशाविषयीचे विचार आम्हाला मान्य नाहीत, पण वाळवंटाला वाळवंट म्हटल्याबद्दल पुस्तक बंद करणारी सत्ता कशाला घाबरते हे यातून कळते.

त्याआधीही निसर्गाने धडा दिला होताच. साउथ ऑस्ट्रेलियाचे सर्वेक्षक जॉर्ज गॉयडर यांनी १८६५ मध्ये दुष्काळग्रस्त मुलूख फिरून एक रेषा आखली. या रेषेच्या उत्तरेला धान्याची शेती भरवशाची नाही, असे त्यांनी सांगितले. पुढच्या दशकात चार वर्षे चांगला पाऊस झाला, ‘नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो’ असे बोलले जाऊ लागले आणि रेषेपलीकडे जमिनी वाटल्या गेल्या. १८८० च्या दशकात दुष्काळ परतला आणि शेतकरी घरे सोडून निघाले. त्या पडक्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. जमिनीचा व्यवहार करणाऱ्याचे काही गेले नाही, कष्टकऱ्याचे गेले.

वाळवंटात पाणी होते, माणसेही होती

आयर सरोवराचे खरे नाव काटी थांडा. २०१२ पासून दोन्ही नावे मिळून ‘काटी थांडा–लेक आयर’ असे अधिकृत नाव झाले. त्याच वर्षी न्यायालयाने अराबाना लोकांचा त्या भूमीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला. हे लोक त्या ‘रिकाम्या’ प्रदेशात राहत आले ते पाणी ठाऊक होते म्हणून. जमिनीतून आपोआप वर येणारे झरे, खडकांतली कुंडे, वाळूखालचा ओलावा, यांची माहिती गाण्यांतून आणि कथांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

या माहितीचा वापर गोऱ्यांनी कसा केला? वेस्टर्न ऑस्ट्रेलियात गुरे हाकत नेण्यासाठी वाळवंटातून मार्ग आखायचा होता. १९०६-०७ मध्ये आल्फ्रेड कॅनिंग यांच्या तुकडीने मूळ रहिवाशांना पकडून साखळ्या घातल्या, आणि पाणी कुठे आहे ते दाखवायला लावले. त्याची तक्रार झाली, १९०८ मध्ये चौकशी आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष सुटले. मग त्याच पाणवठ्यांच्या आसऱ्याने पन्नासच्या आसपास विहिरी बांधल्या गेल्या. मालक साखळीत आणि पाणी गुरांना, असा तो विकास होता.

१९२८ साली मध्य ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ होता. गोऱ्यांची गुरे आणि वार्लपिरी लोक त्याच मोजक्या पाणवठ्यांवर येऊन ठेपले होते. अशा एका पाणवठ्यावर फ्रेड ब्रुक्स या गोऱ्या शिकाऱ्याचा खून झाला. त्यामागची कारणे अनेक होती, पण सूड मात्र सरसकट घेतला गेला. पोलीस तुकड्यांनी आठवडेच्या आठवडे फिरून माणसे मारली. सरकारी आकडा ३१, लोकांच्या स्मरणातला आकडा त्याहून पुष्कळ मोठा. चौकशी मंडळाने गोळीबार समर्थनीय ठरवला. इतिहासात याला कॉनिस्टन हत्याकांड म्हणतात.

त्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते आणि परतणाऱ्या आमच्या माणसांवर काठ्या पडल्या होत्या. दोन्ही घटना सारख्या नाहीत. इथे जात होती, तिथे वंश. इथे तळे सार्वजनिक असूनही बंद होते, तिथे स्वतःचाच पाणवठा परका केला गेला. पण पाण्यापाशी पोहोचणारा माणूस कोण, यावरून त्याच्या जगण्याचा निर्णय करणारी सत्ता दोन्हीकडे होती. म्हणून आम्ही म्हणतो की पाण्याचा प्रश्न हा आधी माणुसकीचा प्रश्न आहे, मग अभियांत्रिकीचा.

जिथे पाणी खरोखर वळवले तिथे काय झाले?

कुणी म्हणेल, ब्रॅडफिल्ड योजना झाली नाही, झाली असती तर गरिबांचे भले झाले असते. त्याचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियात नदी आतल्या दिशेला वळवल्याचे उदाहरण आहे.

१९४९ ते १९७४ या काळात स्नोई पर्वतातली योजना उभी राहिली. आग्नेयेकडे समुद्राला जाणाऱ्या स्नोई नदीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, मरे आणि मरंबिजी नद्यांत सोडले गेले. तीसहून अधिक देशांतून आलेल्या एक लाखाहून अधिक कामगारांनी ती बांधली आणि अधिकृत नोंदीनुसार १२१ जण कामावर मेले. वीज मिळाली, शेती वाढली, हे आम्ही नाकारत नाही. पण जिंडाबाइन धरणाखाली स्नोई नदीत मूळ प्रवाहाचा जेमतेम एक टक्का उरला. आता सरकार पैसे खर्चून तिला थोडे पाणी परत देत आहे.

ज्या मरे–डार्लिंग खोऱ्यात हे पाणी गेले त्या खोऱ्यात कापूस, भात, द्राक्षे, बदाम पिकू लागले. जमिनी खारावल्या. पुढे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून बाजारात विक्रीला ठेवला गेला. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे पाणी. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात डार्लिंग नदीवर मेनिंडी इथे लाखो मासे पांढरी पोटे वर करून तरंगले. २०२३ मध्ये पुन्हा तेच. या नदीला बार्कंजी लोक ‘बाका’ म्हणतात आणि स्वतःचे नाव त्या नदीवरूनच घेतात. २०१५ साली न्यायालयाने त्यांचा भूमीवरचा हक्क मान्य केला. भूमी मिळाली, पण नदीतले पाणी आधीच वाटून झाले होते. दोन नद्यांच्या काठी वसलेल्या वॉलगेट गावात, जिथे मूळ रहिवाशांची वस्ती मोठी आहे, लोकांना क्षाराने भरलेले कूपनलिकेचे पाणी प्यावे लागले.

आता एक आकडा ध्यानात ठेवा. खोऱ्याच्या न्यू साउथ वेल्समधील भागात मूळ रहिवासी लोकसंख्येच्या नऊ टक्क्यांहून अधिक आहेत. त्यांच्या संस्थांकडे असलेला पृष्ठजलाचा वाटा, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सुमारे ०.२ टक्के आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पाणी विकत घेण्यासाठी ४ कोटी डॉलर देण्याचे आश्वासन दिले. वर्षे उलटली, पैसे कागदावर राहिले आणि पाण्याचे भाव चढत गेले. ज्यांचे पाणी होते त्यांनी ते विकत घ्यावे, आणि त्यासाठीची मदतही वेळेवर मिळू नये!

वाळवंट खरेच हिरवे झाले असते, तरी त्या हिरवळीत अराबाना माणसाचा वाटा किती असता? ०.२ टक्क्यांचा हा आकडा उत्तर देतो.

सगळीच योजना वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. १९०३ साली पर्थजवळच्या धरणातून पाचशे किलोमीटरहून लांब नळ टाकून काल्गुर्ली या खाणीच्या गावाला पाणी पोहोचवले गेले, आणि ते आजही पोहोचते. पिण्यासाठी, ठरावीक वस्तीला, मोजून दिलेले पाणी दूरवर नेता येते. हवामान पालटण्याचे आणि साम्राज्य पिकवण्याचे स्वप्न मात्र वेगळे. त्या दोन गोष्टींची सरमिसळ करूनच राजकारणी आपले काम साधतात.

बाबासाहेब तर धरणांचे पुरस्कर्ते होते!

हा आक्षेप आमच्याच चळवळीतून येतो आणि तो रास्त आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्या खात्यात होती. दामोदर, महानदी आणि शोण या खोऱ्यांच्या योजनांना त्या काळात दिशा मिळाली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे बोलताना त्यांनी ओरिसाच्या नद्यांचे पाणी शत्रू न मानता साठवून वापरण्याचा आग्रह धरला. म्हणजे मोठ्या कामाला ते भिणारे नव्हते.

पण त्यांनी काम कसे सुरू केले ते पाहा. आधी मोजमाप करणारी, तज्ज्ञांची केंद्रीय संस्था उभारली. १९४५ मध्ये स्थापन झालेला तो जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग म्हणजेच आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. नदीचे पूर्ण खोरे हा एकक धरला. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि नौकानयन यांचा एकत्र विचार केला. आकडे आधी आणि भाषण नंतर, ही त्यांची रीत. ब्रॅडफिल्ड योजनेत नेमके उलटे घडले. म्हणून ब्रॅडफिल्डछाप स्वप्नांना विरोध करणे बाबासाहेबांच्या विरोधात जात नाही, उलट ती त्यांचीच रीत आहे.

आणखी एक गोष्ट. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहणे हे मानले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे कारण त्यांनी मांडले. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसवून तंटा सोडवण्याचा प्रस्ताव ठेवला. बहुमताने तो फेटाळला गेला आणि त्यांना घर सोडावे लागले. आमच्या धम्माच्या वाटेच्या सुरुवातीलाच पाणीवाटपाचा प्रश्न उभा आहे. तिथे सांगितलेला मार्ग असा की ज्यांचे पाणी आहे ते सगळे बसतील, मोजतील आणि ठरवतील.

सह्याद्रीच्या अलीकडे आणि पलीकडे

आता आपला नकाशा काढा. पर्वताच्या पश्चिमेला धो-धो पाऊस, आखूड नद्या, समुद्र. पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश. दिशा उलटी केली की क्वीन्सलंडचीच रचना. आणि घोषणाही तीच. कोकणातून समुद्रात वाया जाणारे पाणी उचलून मराठवाड्यात आणू!

मराठवाड्याची तहान आम्हाला कुणी शिकवू नये. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच प्रश्न विचारतो. कोकणचे पाणी जवळजवळ समुद्रसपाटीवरून घाटमाथ्यावर चढवायला लागणारी वीज कोण भरणार? आणि ज्या राज्यात कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेला सोडले जाते, मुळशीसारख्या धरणांतून भीमा खोऱ्याचे पाणी घाटाखाली जाते, त्या राज्यात ‘पाणी पश्चिमेला वाया जाते’ हे वाक्य कोणत्या तोंडाने बोलायचे? घाटमाथ्यावरचे पाणी आपणच खाली सोडायचे आणि मग समुद्राजवळून ते पुन्हा वर चढवण्याचे स्वप्न दाखवायचे!

त्याहून मोठा प्रश्न वाटपाचा. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो. नवे पाणी आणले आणि वाटपाची रीत जुनीच ठेवली, तर ते पाणी कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे नळाची शेवटची तोटी बहुधा बौद्धवाड्यात किंवा मांगवाड्यात असते आणि टँकर रिता होत होत तिथे येतो. कालव्याचे पाणी जमिनीला मिळते. ज्याला जमीनच नाही त्याला कालवा म्हणजे ओलांडायची आणखी एक गोष्ट.

याच महाराष्ट्रात दुसरी रीतही होऊन गेली आहे. पुरंदर तालुक्यात नायगाव इथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचे. भूमिहीनालाही वाटा द्यायचा. ऊस लावायचा नाही. त्या कामाच्या मर्यादा असतील, पण तत्त्व लाखमोलाचे आहे. पाणी आधी माणसाचे, मग मालमत्तेचे. हेच तत्त्व ऑस्ट्रेलियात असते तर बार्कंजी माणसाला स्वतःच्या नदीचे पाणी बाजारात शोधावे लागले नसते.

म्हणून यापुढे कुणी नदी वळवण्याचे स्वप्न घेऊन वस्तीत आला तर आपल्या माणसांनी टाळी वाजवण्याआधी चार प्रश्न विचारावेत. पाणी खरोखर किती आहे आणि ते कुणी, किती वर्षे मोजले? जिथून उचलणार तिथले कोळी, आदिवासी, कातकरी यांना विचारले का? उचलण्याचा खर्च कोण भरणार? आणि शेवटचा प्रश्न सर्वात मोठा: भूमिहीनाच्या नावावर या पाण्याचा किती वाटा लिहिला जाणार आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळत नसेल तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही गोड असोत, ती योजना आपली नाही.

वाळवंट हिरवे करण्याआधी ते कुणाचे आहे ते विचारा. ऑस्ट्रेलियाने तो प्रश्न दोनशे वर्षे टाळला आणि आज नदी, मासे आणि माणसे तिघेही त्याची किंमत मोजत आहेत. आपण तो आत्ताच विचारू.

जय भीम!